अस्थिकलश आणि नकाशा : कॅमेरन क्रो यांना खुले पत्र

श्री. कॅमेरन क्रो यांस,



आपल्या ‘एलिझाबेथटाउन’ या २००५ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाविषयी, त्यावरची सगळी चर्चा केव्हाच शमून गेल्यानंतर, केंटकीपासून हजारो कोस दूर राहणाऱ्या एका मराठी प्रेक्षकाने आपणांस जाहीर पत्र लिहावे, याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. जी कलाकृती मुळातच सामान्य असते तिच्याविषयी इतक्या वर्षांनी कोणी तक्रार घेऊन येत नाही. ती पाहून होते आणि विसरून जाते. परंतु जिच्या गर्भात काही असाधारण दडलेले होते, ते बाहेर आणण्याचे सामर्थ्य जिच्या कर्त्याजवळ निःसंशय होते, आणि तरीही जी ऐन मोक्याच्या जागी आपल्याच विषयाकडे पाठ फिरवून निघून गेली, अशा कलाकृतीची रुखरुख मनातून जाता जात नाही. आपला चित्रपट माझ्या लेखी या दुसऱ्या प्रकारचा आहे. मी तो प्रेमाने पाहिला आहे आणि हे पत्रही त्याच भावनेने लिहीत आहे.

विषय आपल्या अगदी निकटचा होता. आपले वडील १९८९ साली वारले, त्यांचे मूळ केंटकीचे, आणि त्यांच्या निधनाची स्मृती या पटकथेच्या मुळाशी आहे, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी आपण दिग्दर्शित केलेले पहिले चित्र, ‘से एनिथिंग’, पडद्यावर आले. पुढे २००० साली ‘ऑलमोस्ट फेमस’मध्ये आपण आपले पौगंडवय चित्रित केले, तेव्हा त्या घरात आई होती, थोरली बहीण होती, पलंगाखाली दडवून ठेवलेल्या ध्वनिमुद्रिका होत्या, वडील तेवढे नव्हते. या दृष्टीने पाहिले असता ‘एलिझाबेथटाउन’ हे आपल्या कारकिर्दीतले केवळ आणखी एक चित्र नव्हते, तर दीर्घकाळ तहकूब राहिलेले पितृऋण फेडण्याचा तो प्रसंग होता, आणि म्हणूनच तिथे जे हातून निसटले त्याची हळहळ अधिक वाटते.

पत्र जाहीर असल्यामुळे कथेची हकीकत थोडक्यात सांगणे भाग आहे. ड्र्यू बेलर हा ऑरेगॉनमधल्या एका पादत्राणांच्या कंपनीतला तरुण रचनाकार. त्याने कल्पिलेला बूट बाजारात सपशेल कोसळतो, कंपनी ९७ कोटी २० लाख डॉलरांना बुडते, आणि अपमानाने जर्जर झालेला ड्र्यू घरी येऊन आत्मनाशाची तजवीज करतो. ऐन त्या क्षणी दूरध्वनी वाजतो. पलीकडून बहीण रडत सांगते, की आपल्या भाऊबंदांना भेटायला केंटकीतल्या एलिझाबेथटाउनला गेलेले वडील हृदयविकाराने तिथेच वारले. आई आणि बहीण ऑरेगॉनलाच राहतात. निळा सूट हाती घेऊन, पित्याचे कलेवर परत आणण्यासाठी ड्र्यू एकटा निघतो. जवळजवळ रिकाम्या विमानात त्याला क्लेअर नावाची हवाईसेविका भेटते, आणि पुढचे चित्र या दोन दिशांत विभागले जाते : एकीकडे मृत पित्याचे अनोळखी गणगोत, दुसरीकडे ही हसरी, अनाहूत तरुणी.

आमच्या प्राचीन नाट्यशास्त्रात भरतमुनींनी विप्रलंभ शृंगार आणि करुण या दोन रसांतला एक भेद फार सूक्ष्मपणे सांगितला आहे. दोहोंत विरह आहे, दोहोंत अश्रू आहेत. परंतु विप्रलंभात पुनर्भेटीची अपेक्षा जिवंत असते, म्हणून तो भाव सापेक्ष, आणि करुणात ती अपेक्षा समूळ खुंटलेली असते, म्हणून तो निरपेक्ष. शोकातून प्रेमकथा घडवू पाहणाऱ्या प्रत्येक कलावंतापुढची खरी अडचण मला या भेदात दिसते. प्रेमकथेचा प्राण आशा आहे. शोकाचा प्राण, निदान त्याच्या पहिल्या प्रहरी, आशेचा अभाव आहे. या दोहोंना एकत्र नांदवणे अशक्य नाही, आणि त्यांच्या जोडीला हास्य आणणेही अशक्य नाही. आमच्या भाषेत लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मृत्यू, दारिद्र्य आणि ताटातूट सांगत असताना वाचकाला पानोपानी हसवले आहे, आणि त्या हसण्याने दुःखाची धार किंचितही बोथट झालेली नाही. परंतु याला एक अट आहे. जो गेला तो पुन्हा येणार नाही, ही गोष्ट पात्राने आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकाने प्रथम सोसलेली असावी लागते. त्याआधीच आशा दारात येऊन उभी राहिली तर शोक आटोपता घेतला जातो आणि प्रेमही उथळ होते. आपल्या चित्रात नेमके हेच घडले आहे असे माझे मत आहे, आणि ते कुठे कुठे घडले हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आरंभच पाहा. आत्मनाशासाठी ड्र्यू व्यायामाच्या सायकलीला स्वयंपाकघरातला सुरा बांधतो. ही कल्पना विनोदी म्हणून योजली आहे, आणि प्रेक्षक हसतोही. पण ते हसणे फुकटचे आहे, कारण त्याची किंमत कोणीच मोजलेली नाही. ज्या बिली वाइल्डर यांना आपण गुरुस्थानी मानता, ज्यांच्याशी केलेल्या प्रदीर्घ संभाषणांचा ग्रंथ आपण १९९९ साली प्रसिद्ध केला, त्यांच्या १९६० सालच्या ‘द अपार्टमेंट’मध्ये हाच प्रसंग कसा येतो ते आपणांस मी सांगण्याची आवश्यकता नाही, तरी वाचकांसाठी सांगतो. नाताळच्या आदल्या रात्री नायिका फ्रॅन कुबेलिक परक्या घरात झोपेच्या गोळ्या घेते. शेजारचे डॉक्टर येतात, तिच्या पोटातले विष बाहेर काढतात, तिला कडक कॉफी पाजतात, तिच्या गालांवर चपराका मारतात आणि ती झोपेत बुडू नये म्हणून तिला खोलीत उभे धरून इकडून तिकडे चालवत राहतात. त्या चालण्याला अंत नाही असे वाटू लागते. दोन दिवसांनी त्या घरात राहणारा बॅक्स्टर टेनिसच्या रॅकेटमधून स्पॅगेटी गाळतो तेव्हा आपण पोट धरून हसतो, आणि हसताना तिचे लटपटणारे पाय आपल्याला विसरता येत नाहीत. देहाला काय भोगावे लागते ते वाइल्डर यांनी आधी दाखवले, म्हणून पुढचा विनोद त्यांना लाभला. आपण विनोद आधी घेतलात, आणि भोग दाखवायचा राहूनच गेला.

यातूनच दुसरी अडचण उद्भवते. बुटाचा बाजारी पराभव आणि पित्याचा मृत्यू हे दोन आघात आपण एकाच तराजूत घातले आहेत. वास्तविक येथे मानवी स्वभावाचे एक मर्म आपल्या हाती लागले होते : जो मनुष्य स्वतःच्या लज्जेत बुडालेला असतो त्याला दुसऱ्याच्या मरणाचा शोक करण्याइतकीही जागा अंतःकरणात उरत नाही. ड्र्यूला वडील गेल्याचे कळते आणि तो रडत नाही, कारण तो अजून आपल्याच प्रेताशेजारी बसलेला आहे. हे किती भयंकर आणि किती सत्य आहे! बाप गेल्यावर डोळ्यांत पाणी का येत नाही, या विचाराने स्वतःलाच घाबरलेला मुलगा हा कोणत्याही भाषेतल्या श्रेष्ठ कथेचा नायक होऊ शकतो. चित्राला ही गोष्ट दिसते, परंतु ते तिथे थांबत नाही. टोरोंटोच्या महोत्सवात दाखवलेल्या प्रतीत तर शेवटी त्या बुटाच्या दोषातूनच त्याला बाजारात यश लाभते असे दाखवले होते; पुढे आपण सुमारे १८ मिनिटांचा भाग कापलात आणि ते यश वगळलेत, हे फार योग्य केलेत. पण दोष लांबीचा नव्हता. बूट आणि बाप यांतला अधिक जिव्हाळ्याचा विषय कोणता, याचा फैसला कथेने अखेरपर्यंत केला नाही, आणि कात्रीने तो होणारा नव्हता.

आता त्या भागाकडे येतो, ज्यासाठी मी हे चित्र पुन्हा पुन्हा पाहीन. ड्र्यू एलिझाबेथटाउनमध्ये शिरतो आणि रस्त्यावरची अनोळखी माणसे त्याला हात करतात. त्यांना तो कोण, कशासाठी आला, हे ठाऊक आहे. घरात पाऊल टाकताच अंगावर येतात ती माणसे, भांडी, मुलांचा कालवा, मिठ्या, आणि न थांबणारे खाणे. कोणी त्याला वडिलांच्या, म्हणजे मिचच्या, लहानपणची गोष्ट सांगतो, कोणी त्याच्या चेहऱ्यात मिच शोधतो. बेलर कुटुंब कित्येक वर्षे ऑरेगॉनमध्ये राहत असूनही या मंडळींच्या लेखी मिचला त्याच्या बायकोने कॅलिफोर्नियाला पळवून नेले, ते कायमचे. ड्र्यूने कितीदा दुरुस्ती केली तरी त्यांच्या मनातला तो दाखला बदलत नाही. हा विनोद मला अप्रतिम वाटतो, कारण त्याच्या तळाशी एक जुनी जखम आहे. आपल्यातला माणूस परक्या मुलखात गेला आणि आता परतला तो असा, ही त्या घराची व्यथा भूगोलाच्या एका चुकीतून बोलते.

आणि मग तो प्रसंग. शवपेटिकेत वडील निजले आहेत. मुलगा जवळ जातो, उभा राहतो, पाहतो. त्याला त्या चेहऱ्यावर एक गमतीदार, लहरी छटा दिसते, आयुष्यभर न पाहिलेली. माझा बाप असा होता काय, आणि असल्यास तो मला कधी का दिसला नाही, हा प्रश्न त्या क्षणी संपूर्ण चित्राला व्यापून उरायला हवा होता. इथे एकही गाणे नको होते, एकही चतुर वाक्य नको होते. त्या पेटिकेसमोर आपला कॅमेरा आणखी दोन मिनिटे जर धीराने उभा राहिला असता, तर पुढच्या चित्राची दिशाच बदलली असती, असे मला मनापासून वाटते.

दहन की दफन हा त्या घरातला वादही असाच समृद्ध आहे. केंटकीतल्या आप्तांना मिच आपल्या मातीत, आपल्या माणसांशेजारी पुरलेला हवा. ऑरेगॉनमधल्या पत्नीला दहन हवे. दोन्ही हुकूम ज्याच्यावर बजावले गेले तो मुलगा आईच्या बाजूने निर्णय देतो, मग त्याचे मन पालटते, तो दहन थांबवण्यासाठी धावतो, आणि तोवर कारभार उरकलेला असतो. त्याच्या हाती अस्थिकलश येतो. ज्या समाजात दहन हीच रीत आहे त्यातला मी प्रेक्षक. माझ्या देशात हे दृश्य पाहून कोणाच्याही काळजात चर्र होईल. कारण एकदा अग्नी दिल्यावर मुभा उरत नाही, हे आम्हांला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, आणि म्हणूनच आमच्या पूर्वजांनी त्या क्षणाभोवती इतक्या विधींचा बंदोबस्त केला.

त्या विधींचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये. आमच्याकडे मरण घरात शिरले की पहिल्या घटकेपासून माणसांच्या हातांना काम लागते. कोणी नातलगांना कळवतो, कोणी तिरडीचे सामान आणायला धावतो, आणि सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलं-भात येतो. तिसऱ्या दिवशी मुलगा स्मशानात जाऊन राख सावडतो. पाणी शिंपडून निववलेल्या त्या राखेत बोटे घालून अस्थी वेचतो आणि मडक्यात भरतो. ज्या खांद्यावर तो लहानपणी बसला त्याचे हाड कोणते, हे त्याला सांगता येत नाही, आणि तरीही त्याची बोटे शोधत राहतात. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडला जातो आणि कावळा शिवेपर्यंत सगळे गणगोत ताटकळत उभे राहते. कावळा आला नाही म्हणजे मृताची कसलीतरी इच्छा राहिली, अशी समजूत. मग एकेक जण पुढे होऊन मोठ्याने आश्वासने देऊ लागतो : धाकटीचे लग्न मी करून देईन, घराच्या वाटण्या होऊ देणार नाही, तुमच्या गाईला कोणाला विकणार नाही. कित्येकदा या आश्वासनांनी काही होत नाही, आणि कोणाला तरी आठवते की तात्यांना तपकीर लागत असे; तपकिरीची डबी पिंडाशेजारी ठेवली जाते आणि कावळा झडप घालतो. त्या क्षणी रडता रडता माणसे हसतात, आणि त्या हसण्याचा कोणालाही संकोच वाटत नाही. श्री. क्रो, आपण जे हास्यमिश्रित करुण शोधीत होता ते असे, माणसांच्या घोळक्यात, हातांच्या कामात, मृताच्या लहानसहान सवयींच्या आठवणीत सापडत असते. आपल्या एलिझाबेथटाउनच्या स्वयंपाकघरातही ते होते. आपण ते पाहिलेत, आम्हांला दाखवलेत, आणि मग क्लेअरशी बोलायला दूरध्वनी उचललात.

जाता जाता एक ऐतिहासिक गोष्ट नोंदवावीशी वाटते. अब्राहम लिंकन नऊ वर्षांचे असताना, १८१८ साली, त्यांची आई इंडियानातल्या रानात वारली. पुढच्या वर्षी वडील थॉमस लिंकन तिथून केंटकीला आले आणि सारा बुश जॉन्स्टन या तीन मुलांची आई असलेल्या विधवेशी विवाह करून तिला घेऊन गेले. तो विवाह झाला याच एलिझाबेथटाउनमध्ये. शोक आणि नवा संसार एकमेकांच्या इतके लगत असू शकतात, आणि दोहोंपैकी एकही खोटा नसतो, याचा पुरावा त्या गावाच्या दप्तरातच होता.

क्लेअरविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नेथन रेबिन या अमेरिकन समीक्षकाने २००७ साली तिच्यावरून ‘मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल’ अशी संज्ञा रूढ केली. दुःखी तरुणाला जगणे शिकवण्यासाठीच जन्मलेली, स्वतःचे जीवन नसलेली नायिका असा तिचा अर्थ. पुढे २०१४ साली त्यांनीच या संज्ञेच्या बेसुमार वापराबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मला या मुलीचा राग येत नाही. कर्स्टन डन्स्ट यांनी तिला खरा ओलावा दिला आहे. एके ठिकाणी ती स्वतःला बदली माणसांपैकी एक म्हणवते, कोणाच्या तरी रिकाम्या जागेवर तात्पुरती बसणारी. आणि आपल्या ज्या सदैव दूर असलेल्या प्रियकराविषयी ती बोलत असते तो खरोखर आहे की नाही याचीही शंका येत राहते. हा धागा किती मोलाचा होता! जिची जागा कुठेच कायम नाही अशी स्त्री आणि ज्याचा बाप आता कुठेच नाही असा पुरुष, या दोन रितेपणांची भेट रात्रभराच्या त्या संभाषणात घडू शकली असती. प्रत्यक्षात लुइव्हिलच्या ब्राउन हॉटेलातल्या खोलीतून सूर्योदयापर्यंत चाललेल्या त्या बोलण्यात गोडवा भरपूर आहे, पण मिच बेलर कोण होता, याविषयी आम्हांला फारसे काही कळत नाही, आणि क्लेअर कोण आहे हेही नाही. ड्र्यूच्या व्यावसायिक अपयशाचे दुःख करायला ती त्याला पाच मिनिटे मुक्रर करून देते. बुटासाठी ती पुरेशी असतील. परंतु चित्राने तोच मापदंड नकळत पित्यालाही लावला, हा खरा घात.

मिचच्या पत्नीबद्दल, हॉलीबद्दल, मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते. नवरा गेल्याबरोबर ही बाई स्वयंपाक, मोटारदुरुस्ती, नृत्य, एकामागून एक विद्या शिकत सुटते. मुलगी दूरध्वनीवर तक्रार करते की आई थांबतच नाही. तिचे न थांबणे हाच तिचा आकांत आहे, हे सुसान सारंडन यांनी चेहऱ्यावरच्या त्या ताणलेल्या उत्साहातून अचूक दाखवले आहे. स्मरणसभेसाठी केंटकीला येऊन ती त्या घराण्यासमोर उभी राहते, ज्याने तिला आयुष्यभर चोर मानले. ती विनोद सांगते, काही विनोद सभेला साजणारे नाहीत. लोक बिचकतात, मग हसतात. आणि मग ‘मून रिव्हर’च्या सुरांवर ती टॅप नृत्य करते, नवशिक्या पायांनी, पावले मोजत. पुष्कळ समीक्षकांना हे दृश्य असह्य वाटले. मला ते चित्राचे हृदय वाटते. मरणानंतर शिकलेली विद्या मेलेल्या माणसाला दाखवण्यासाठी रंगमंचावर चढलेली स्त्री यापूर्वी मी पडद्यावर पाहिली नव्हती. पण लगेच पुढे काय होते? चुलतभावाचा वाद्यवृंद ‘फ्री बर्ड’ वाजवू लागतो, छताखालून सोडलेला पक्षी पेट घेतो, पाण्याचे फवारे सुटतात, पळापळ होते. हे गाणे ज्या लिनर्ड स्किनर्ड मंडळींचे, त्यांचा गायक रॉनी व्हॅन झँट १९७७ सालच्या विमान अपघातात गेला. तेव्हापासून अमेरिकेच्या दक्षिणेत त्या गाण्याला शोकगीताचे स्थान आहे, हे किशोरवयापासून संगीतावर लिहीत आलेल्या आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही त्या गाण्याचे ओझे पेलण्याऐवजी आपण त्याचा धुमाकूळ केलात. हॉलीच्या नृत्याने जी शांतता मिळवली होती ती आगीच्या आरोळ्यांत वाहून गेली, आणि त्या बाईला नंतर कोणी काही बोलले की नाही, दिरा-जावांपैकी कोणी तिचा हात धरला की नाही, हे पाहायला चित्र थांबले नाही.

अखेरचा प्रवास हा आपल्या चित्राचा सर्वांत देखणा भाग मानला जातो. पितापुत्रांनी एकत्र मोटारीने दूरवर जाण्याचा बेत वर्षानुवर्षे लांबणीवर पडलेला होता. आता शेजारच्या आसनावर अस्थिकलश ठेवून मुलगा निघतो. या कल्पनेपुढे मी नतमस्तक आहे. पण त्याच्या हाती क्लेअरने दिलेला नकाशा आहे, त्यावर कुठे वळायचे, कुठे थांबायचे, काय पाहायचे याचा बारीक तपशील आहे, आणि बरोबर ४२ तास ११ मिनिटांचे संगीत आहे. वाटेत तो रडतो. त्याचे ते रडणे खरे आहे. परंतु ते रडणे दुसऱ्या कोणी आखलेल्या मार्गावरचे आहे, आणि ज्या पित्याबरोबर हा प्रवास व्हायचा होता त्याची एकही आवडती जागा त्या नकाशावर असल्याचे मला स्मरत नाही. मेम्फिसमधले लोरेन मोटेल येते, जिथे ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ओक्लाहोमा सिटीतला तो एल्म वृक्ष येतो, जो १९ एप्रिल १९९५ च्या स्फोटातून बचावला. त्या स्फोटात १६८ माणसे मेली. एका राष्ट्राची ही दोन दुःखे. त्यांच्या सान्निध्यात एका सामान्य माणसाची राख घेऊन उभे राहण्याचा अधिकार ड्र्यूला जरूर आहे, पण त्यासाठी त्याने तिथे खरोखर उभे राहायला हवे होते. गाणे बदलते आणि गाडी पुढे निघते.

अशा विषयाला न्याय देता येतच नाही, असे आपण म्हणू शकणार नाही. अँथनी मिंगेला यांनी १९९० साली ‘ट्रुली, मॅडली, डीपली’ हे चित्र बीबीसीसाठी अल्प खर्चात केले. त्यात जुलिएट स्टीव्हन्सन यांची नीना आपल्या दिवंगत प्रियकरासाठी रडते, तेव्हा तिचे नाक वाहते, शब्द तुटतात, आणि कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. पाहणाऱ्याला खुर्चीत चुळबुळ करावी लागते. त्यानंतर मृत प्रियकर परत येतो, आपल्या भुताखेतांच्या मित्रांना घेऊन येतो, घर गारठले म्हणून कुरकुरतो, रात्र रात्र चित्रपट पाहत बसतो, आणि हे सगळे अत्यंत विनोदी आहे. नवा पुरुष तिच्या जीवनात येतो तेव्हा आम्ही आनंदाने त्याला जागा देतो, कारण जुन्याची किंमत पुरेपूर वसूल झालेली असते.

आणि दुसरा दाखला खुद्द आपला आहे. २०११ साली आपण ‘वुई बॉट अ झू’ केलेत. बेंजामिन मी या इंग्रज लेखकाच्या जीवनातली घटना. त्याची पत्नी प्राणिसंग्रहालय घेतल्यानंतर वारली होती, आपण तो मृत्यू कथेच्या आधी नेलात आणि जागा कॅलिफोर्नियात आणलीत. त्या चित्रावर लोकरंजनाचे संस्कार अधिक आहेत. तरी त्यातला विधुर सकाळी उठून कुंपणे दुरुस्त करतो, म्हाताऱ्या वाघाची शुश्रूषा करतो, तपासनिसाला तोंड देतो, आणि रात्री पत्नीची छायाचित्रे उघडायला त्याचा हात धजत नाही. त्याचे दुःख दिवसभराच्या कामातून झिरपते. शेवटी तो आपल्या मुलांना त्या उपाहारगृहात नेतो जिथे त्याने त्यांच्या आईला प्रथम पाहिले, आणि ती भेट त्यांच्यासमोर पुन्हा उभी करतो. नवी स्त्री त्याच्या आसपास आहे, पण तिला त्या टेबलाशी बोलावलेले नाही. हे आपणांस जमले. म्हणूनच माझी मागणी अवाजवी नाही, असे मी धरून चालतो.

ती मागणी अशी. आपण एलिझाबेथटाउनला परत जावे. ड्र्यूला आणि त्याच्या बुटांना आता विश्रांती द्यावी. क्लेअरला तिच्या विमानात सुखाने असू द्यावे. स्मरणसभा संपल्यानंतरची ती संध्याकाळ घ्यावी, जेव्हा ओली सतरंजी गुंडाळून झाली आहे, पाहुणे घरी परतले आहेत, आणि मिचच्या बालपणीच्या घरात हॉलीला प्रथमच रात्र काढायची आहे. त्या घरातल्या बायकांनी तिला उरलेले जेवण वाढावे आणि कॅलिफोर्नियाचा विषय काढावा. तिने या वेळी दुरुस्ती करू नये, तो कसा भेटला, काय बोलला, कोणाचा विरोध मोडून दोघे निघाले, ते सगळे पहिल्यापासून सांगावे, आणि त्यांनी तिला तिच्या आधीचा मिच सांगावा. प्रेमकथा हवीच असेल, आणि ती असावी असे मलाही वाटते, तर ती या दोघांची असू द्या : हॉली आणि मिच यांची.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक मराठी प्रेक्षक